मोटारसायकलचा श्वास आणि तिचा आवाज

कोणतीही वस्तू बदलावयाची तर ती मुळात काय काम करते हे आधी जाणून घ्यावे, हा व्यवहारातला साधा नियम आहे. विहिरीवरच्या पंपाचा पाइप बदलताना आपण तो पाळतो, चष्म्याची काच बदलताना पाळतो. पण मोटारसायकलच्या बाबतीत मात्र पुष्कळ तरुणांना त्याचा विसर पडतो. ‘सायलेन्सर बदलला, आता गाडीची ताकद वाढली,’ असे आमचे माजी विद्यार्थी मोठ्या अभिमानाने सांगतात. ताकद किती वाढली, ती कशाने मोजली, असे विचारले म्हणजे उत्तर मिळते, ‘आवाज ऐका ना!’ आवाज म्हणजेच ताकद हे समीकरण कितपत खरे आहे, आणि स्पोर्ट जातीच्या मोटारसायकलचे एक्झॉस्ट वा इंजिन सुधारावयाचे झाल्यास निवड कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचे आम्ही योजिले आहे. यंत्रशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु शाळेत शिकविले जाणारे पदार्थविज्ञान आणि गणित यांच्या आधारे या प्रश्नाचा बराचसा उलगडा होतो. म्हणूनच शाळेच्या वार्षिक अंकात तो मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. यामाहा कंपनीची ‘आर-१५’ ही गाडी २००८ साली भारतात विक्रीस आली. कोल्हापूर-बेळगावपासून मडगाव-काणकोणपर्यंत तिची ओळख नाही असा तरुण विरळाच. तिच्या पहिल्या आवृत्तीच्या सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनच्या धावेची लांबी ५८.७ मिलिमीटर होती. आठवीच्या विद्यार्थ्यालाही वृत्तचितीचे घनफळ काढता येते. त्रिज्येचा वर्ग, गुणिले पाय, गुणिले उंची असा हिशेब केला की उत्तर १४९.८ घनसेंटिमीटर येते. ‘दीडशे सी.सी.ची गाडी’ असे जे आपण म्हणतो त्याचा अर्थ एवढाच. पिस्टन एकदा वरून खाली सरकला म्हणजे सुमारे दीडशे घनसेंटिमीटर जागा मोकळी होते. शीतपेयाच्या लहान बाटलीत मावेल त्याहूनही ही जागा कमी. या चिमुकल्या पोकळीतून गाडीची सारी शक्ती निघावयाची असते.

ती कशी निघते? इंजिनाचे काम चार धावांत चालते. पहिल्या धावेत पिस्टन खाली जातो, आत येण्याची झडप उघडते आणि हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. दुसऱ्या धावेत पिस्टन वर येऊन ते मिश्रण दाबतो. तिसऱ्या धावेच्या आरंभी प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि तापलेले वायू पिस्टनला जोराने खाली लोटतात. चौथ्या धावेत बाहेर जाण्याची झडप उघडते व जळालेले वायू नळीवाटे निघून जातात. चारांपैकी एकच धाव कमाईची. बाकीच्या तीन तिची तयारी करणाऱ्या. माणसाच्या श्वास आणि उच्छ्वासाशी याचे साम्य सहज ध्यानात येईल. ज्याला आपण सायलेन्सर म्हणतो तो या यंत्राच्या उच्छ्वासाचा मार्ग होय.

आता कित्येकांचा असा समज असतो की, उच्छ्वासाचा मार्ग मोकळा केला की यंत्र आपोआप बलवान होते. जत्रेच्या दिवशीचे देऊळ डोळ्यांपुढे आणावे. आत येण्याचे दार अरुंद आहे आणि बाहेर जाण्याचे दार तेवढे दुप्पट रुंद केले, तर दर तासाला दर्शन घेणारांची संख्या दुप्पट होईल काय? मुळीच नाही. येणारे जितके तितकेच जाणारे. दोन्ही दारे, मधला सभामंडप आणि रांगेची शिस्त या सर्वांचा मेळ बसला तरच गर्दी वेगाने पुढे सरकते. इंजिनाचेही तसेच आहे. एअर फिल्टर, आत येणाऱ्या हवेची नळी, झडपांचा आकार, त्या उघडण्या-मिटण्याची वेळ, पेट्रोलचे प्रमाण आणि बाहेर जाणारी नळी ही सारी एकमेकांना धरून ठरविलेली असतात. त्यांतली एकच कडी बदलून साखळी बळकट होत नाही.

परंतु देवळाची उपमा इथेच सोडली पाहिजे. कारण एक्झॉस्टच्या नळीत नुसते वायू वाहत नाहीत, त्यांतून लाटाही धावतात, आणि खरी गंमत त्या लाटांत आहे. बाहेरची झडप उघडताक्षणी सिलिंडरातला दाब एकदम नळीत मुसंडी मारतो. त्याची एक लाट ध्वनीच्या वेगाने पुढे जाते. साध्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. तापलेल्या वायूंत तो ५०० मीटरांच्या घरात वा त्याहूनही वर जातो. ही लाट नळीच्या उघड्या टोकाशी किंवा नळी एकाएकी रुंद होते त्या जागी पोचली की तिथून परतते, पण परतताना तिचे रूप पालटते. दाब घेऊन गेलेली लाट ओढ घेऊन माघारी येते. बासरीच्या नळीत सूर उमटतो तोही अशाच परतणाऱ्या लाटांमुळे. बासरी लांब असली म्हणजे सूर खालचा आणि आखूड असली म्हणजे वरचा, हे आपण जाणतोच.

ही ओढीची लाट झडपेशी नेमकी केव्हा परततेय याला फार महत्त्व आहे. चौथी धाव संपून पहिली सुरू होताना क्षणभर दोन्ही झडपा थोड्या थोड्या उघड्या असतात. त्याच क्षणी ती लाट परतली, तर उरलेले जळके वायू ती ओढून काढते आणि ताज्या मिश्रणालाही आत येण्यास हात देते. ती लवकर वा उशिरा आली तर हा लाभ हुकतो. कधी कधी जळके वायूच उलट आत शिरतात. थोडे गणित करून पाहावे. इंजिन मिनिटाला ८५०० फेरे घेत असता एका फेऱ्यास सुमारे ७ सहस्रांश सेकंद लागतो. ४००० फेरे घेत असता १५ सहस्रांश. नळीत जाऊन येऊन २ मीटर अंतर असेल आणि लाटेचा वेग ५०० मीटर धरला, तर तिला ४ सहस्रांश सेकंद पुरतो. इंजिनाची गती बदलली तरी लाटेचा वेळ फारसा बदलत नाही. म्हणजे वरच्या गतीला जी नळी वेळेवर मदत करते, तीच खालच्या गतीला अवेळी येते. सर्व गतींना सारखीच लाभदायक अशी एकही नळी जगात नाही. कारखान्याने बसविलेली नळी ही एक विचारपूर्वक केलेली तडजोड असते.

‘इंजिनाला मागून थोडा अडथळा लागतोच,’ असे गॅरेजमध्ये वारंवार ऐकू येते. हेही अर्धेच खरे आहे. अडथळा कोणत्याच इंजिनाला नको असतो. त्याला हवी असते ती वेळेवर येणारी लाट आणि वायूंचा पुरेसा वेग. नळी वाजवीपेक्षा रुंद केली म्हणजे वायू मंदावतात, आणि खालच्या गतीला गाडी दुबळी वाटू लागते. बाजारात, चढावर किंवा घाटात आपण बहुतेक वेळ त्याच गतीला असतो. मग चालविणारा म्हणतो, ‘अडथळा काढला म्हणून पिकअप गेला.’ खरे कारण अडथळा जाणे हे नव्हे. मेळ बिघडणे हे होय.

लाटेचे हे शास्त्र किती मोलाचे ठरले याची एक कथा मोटारसायकलच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १९५० नंतरच्या दशकात पूर्व जर्मनीतील एम.झेड. कारखान्यात वॉल्टर काडेन नावाचे अभियंते दोन धावांच्या शर्यती इंजिनांवर काम करीत होते. अशा इंजिनात झडपा नसतात. ताजे मिश्रण आत येत असतानाच बाहेरची वाट उघडी असते आणि त्यातले बरेचसे फुकट निसटते. काडेन यांनी नळीला आधी फुगत जाणारा व पुढे निमुळता होणारा पोटाचा आकार दिला. फुगीर भागातून ओढीची लाट परते आणि जळके वायू बाहेर काढी. मागोमाग निमुळत्या भागातून दाबाची लाट परते आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत ढकली. या व इतर सुधारणांच्या बळावर १९६१ च्या सुमारास त्यांच्या १२५ सी.सी.च्या इंजिनातून सुमारे २५ अश्वशक्ती निघू लागली. त्या वर्षी त्यांचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पूर्व जर्मनी सोडून गेला. तो हे ज्ञान घेऊन जपानच्या सुझुकी कंपनीकडे गेला, आणि १९६२ साली ५० सी.सी. वर्गाचे जागतिक विजेतेपद सुझुकीला मिळाले. एका नळीच्या आकारासाठी इतके घडले! मात्र तो आकार आवाज मोठा व्हावा म्हणून काढलेला नव्हता, हे विसरू नये.

आपल्याकडे १९८५ साली आलेली यामाहाची आर.एक्स. १०० ही गाडी याच दोन धावांच्या जातीची. तिचे ९८ सी.सी.चे इंजिन ११ अश्वशक्ती देई. गोव्यात आणि बेळगावाकडे आजही ती जिवापाड सांभाळणारे लोक आहेत. तिच्या सायलेन्सरच्या आतला भाग काढून टाकण्याची हौस पुष्कळांनी केली. दोन धावांच्या इंजिनात नळी हा इंजिनाचाच एक अवयव असतो. तिची लांबी वा पोटाचा आकार बिघडविणे म्हणजे सुरेल बासरीला वाटेल तिथे नवे भोक पाडण्यासारखे आहे. आवाज निघतो, सूर जातो.

पुन्हा आर-१५ कडे वळू. पहिल्या आवृत्तीत ती मिनिटाला ८५०० फेऱ्यांवर १७ अश्वशक्ती देत असे. २०१८ साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा हा आकडा १०,००० फेऱ्यांवर १९.३ झाला. म्हणजे दहा वर्षांत वाढ २.३ अश्वशक्तीची, शेकडा साडेतेराची. एवढ्यासाठी कारखान्याने काय काय केले ते पाहण्यासारखे आहे. सिलिंडरचा व्यास ५८ मिलिमीटर करून घनफळ १५५ सी.सी. केले. मिश्रण दाबण्याचे प्रमाण १०.४ वरून ११.६ वर नेले. आत येणाऱ्या झडपांसाठी दोन प्रकारची उघडझाप ठेवली. मिनिटाला सुमारे ७४०० फेऱ्यांपर्यंत एक आणि त्यापुढे दुसरी. नवे इंजिन, नवी जुळणी, नव्या चाचण्या. आणि हाती आल्या अडीच अश्वशक्तीहूनही कमी. पुढे प्रदूषणाचे बी.एस.-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्या नियमांत बसविलेल्या आवृत्तीत आकडा १८.६ वर आला, आणि २०२१ च्या चौथ्या आवृत्तीत १८.४ वर. प्रयोगशाळा हाताशी असलेल्या कारखान्याला जे एवढ्या कष्टाने साधले, ते केवळ मागची नळी बदलून तासाभरात साधेल असे जो विक्रेता सांगतो, त्याच्याकडे मोजमापाचा कागद अवश्य मागावा.

बाजारात कोणकोणत्या सुधारणा मिळतात त्यांची थोडक्यात ओळख करून घेऊ. सर्वांत सोपी म्हणजे ‘स्लिप-ऑन’. हिच्यात पुढची नळी तशीच ठेवून मागचा डबा तेवढा बदलतात. हिने गाडीचे वजन दोन-तीन किलोने घटू शकते आणि आवाज बदलतो. लहान इंजिनाच्या शक्तीत पडणारा फरक मात्र बहुधा फार थोडा. दुसरी ‘फुल सिस्टिम’. हिच्यात झडपेपासून शेवटापर्यंत सगळी नळी बदलली जाते. लाटेचे सारे वेळापत्रकच बदलत असल्यामुळे लाभही जास्त होऊ शकतो व नुकसानही. तिसरी सुधारणा एअर फिल्टरची. स्वच्छ असलेला मूळचा फिल्टर लहान इंजिनाला सहसा पुरतो; अधिक मोकळ्या फिल्टरमधून बारीक धूळ आत गेली तर सिलिंडर झिजतो, आणि लाल मातीच्या आमच्या प्रदेशात हा धोका लहान नाही. चौथी पेट्रोलच्या प्रमाणाची, पाचवी झडपा उघडणाऱ्या कॅमची, सहावी अधिक दाब देणाऱ्या पिस्टनची, आणि शेवटची सिलिंडरच मोठा करण्याची.

या शेवटच्या तिन्ही गोष्टी म्हणजे इंजिन उघडून त्याचा स्वभावच बदलणे होय. दाब वाढविला तर मिश्रण ठिणगीपूर्वीच पेटण्याची भीती वाढते. ते तसे पेटू लागले की पिस्टनवर हातोड्याचे घाव बसल्यासारखा मारा होतो. सिलिंडर मोठा केला तर उष्णता वाढते. मग क्लच, बेअरिंग, थंड करणारी यंत्रणा, साऱ्यांवर ताण येतो. एक सुधारणा दुसरीला बोलावते आणि दुसरी तिसरीला. शर्यतीच्या संघाला हे परवडते. कारण तो शर्यत झाली की इंजिन उघडून पाहतो. त्याच गाडीवर नोकरीला जावयाचे ज्याच्या नशिबी आहे, त्याने आपला संघ किती जणांचा आहे हे मोजून पाहावे.

पेट्रोलच्या प्रमाणाविषयी विशेष सांगावयास हवे. पेट्रोल पुरतेपणी जळावयास त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. आजच्या गाडीत हे प्रमाण एक छोटा संगणक सांभाळतो. एक्झॉस्टच्या नळीत बसविलेला ऑक्सिजन सेन्सर जळक्या वायूंत किती प्राणवायू उरला ते त्याला कळवीत असतो. सावकाश चालविताना संगणक या खबरीवरून पेट्रोल कमी-अधिक करतो. परंतु थ्रॉटल पूर्ण उघडला म्हणजे तो बहुतांशी आपल्या स्मरणात साठविलेल्या कोष्टकावर विसंबतो, आणि ते कोष्टक मूळच्या नळीसाठी व मूळच्या फिल्टरसाठी तयार केलेले असते. नळी आणि फिल्टर बदलून कोष्टक तसेच ठेवले तर मिश्रणात पेट्रोल कमी पडण्याचा संभव असतो. मग ज्वलन अधिक उष्ण होते, झडपा व पिस्टन तापतात. थ्रॉटल सोडल्यावर नळीतून जे फटाके वाजतात ते ऐकून मित्रमंडळी खूश होतात. वास्तविक ते सिलिंडराबाहेर जळणारे पेट्रोल असते. आपण विकत घेतलेले इंधन रस्त्यावर वाजविण्यात पराक्रम तो कोणता?

त्याच नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ थर दिलेला असतो. कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तिथे कमी घातक वायूंत रूपांतर होते. ‘अडथळा’ म्हणून तो काढून टाकला तर हे विष मागच्या गाडीवरील माणसाच्या, आणि वर्गाची खिडकी रस्त्याकडे असेल तर आमच्या मुलांच्या, छातीत जाते.

आता या सगळ्यातून मिळते किती, याचा हिशेब करू. समजा, सर्व जुळणी नीट होऊन आर-१५ ची शक्ती १८.४ वरून १९.३ झाली, म्हणजे शेकडा पाचांनी वाढली. भरधाव गाडीला मुख्य विरोध हवेचा. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यावर मात करावयास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून सर्वोच्च वेग शक्तीच्या घनमुळाइतकाच वाढतो. १.०५ चे घनमूळ सुमारे १.०१६. ताशी १३० किलोमीटर जाणारी गाडी आता ताशी १३२ जाईल. वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती आठपट हवी! आता गाडीच्या उचलीचे पाहू. गाडी १४२ किलोची आणि स्वार ६० किलोचा धरला तर एकंदर भार २०२ किलो होतो. मागे तितक्याच वजनाचा मित्र बसला की तो २६२ किलो होतो आणि उचल शेकडा तेवीसने घटते. म्हणजे हजारो रुपयांनी आणलेले शेकडा पाच मित्राने चार वेळा खाऊन टाकले.

आवाजाचा हिशेब मात्र फार निराळा आहे. आपल्या देशात ८० ते १७५ सी.सी.च्या दुचाकीला कारखान्यातच ७७ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. डेसिबलची मोजपट्टी साध्या पट्टीसारखी नसते. तिच्यावर दहाची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जेची दहापट वाढ. मोकळ्या नळीची एक गाडी ८७ डेसिबलवर गेली, तर तिने मर्यादेत बसणाऱ्या दहा गाड्या एकदम धावल्याइतकी ध्वनिऊर्जा ओतली. वस्तीच्या भागासाठी २००० सालच्या नियमांनी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठेवली आहे, आणि रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या सभोवती शंभर मीटरांचा प्रदेश शांतता क्षेत्र ठरविता येतो. शक्तीत शेकडा पाच आणि आवाजात दहापट: सौदा काय झाला ते वाचकांनीच पाहावे. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण मोटारसायकलपूर्वीची असली तरी तिला चपखल लागू पडते.

कायद्याची बाजूही पालकांनी जाणून घेतली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणीत दिलेले आणि कारखान्याने मूळ ठरविलेले तपशील जुळेनासे होतील असा बदल मालकास करता येत नाही. सिलिंडर मोठा करणे याच्या तडाख्यात सरळ सापडते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे अशा बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड होऊ शकतो. आवाज व धूर यांची मर्यादा मोडणाऱ्यास कलम १९० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि परवानाही तीन महिन्यांसाठी अपात्र ठरतो. शिवाय न कळविता केलेल्या बदलामुळे विम्याची भरपाई नाकारली जाऊ शकते, कंपनीची हमीही जाऊ शकते. अशी गाडी चालविण्याचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. अल्पवयीन मुलाने ती चालविली व अपराध घडला, तर कलम १९९-अ खाली पालक वा गाडीचा मालक यास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. मुलाच्या हट्टापुढे मान तुकविताना घरच्या मंडळींनी एवढे ध्यानी ठेवावे.

मग सुधारणा करूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. गाडी अधिक चांगली व्हावी ही इच्छा निर्मळ आहे; तिला क्रम मात्र हवा. पहिल्याने गाडी मूळच्या स्थितीत आणावी. ठरल्या वेळी ऑइल बदलणे, एअर फिल्टर स्वच्छ ठेवणे, प्लग तपासणे, झडपांतील अंतर जुळविणे, चेनला योग्य ताण व वंगण देणे, टायरांत नेमकी हवा ठेवणे. कित्येकदा ‘गेलेली ताकद’ एवढ्यानेच परत येते. गोव्यात भाड्याने मोटारसायकल चालविणाऱ्या पायलटाचे पोट गाडीच्या तब्येतीवर आणि मायलेजवर असते. गाडी कशी जपावी हे त्याला विचारावे.

दुसरा खर्च टायर, ब्रेक आणि हेल्मेट यांवर करावा. ताशी ६० किलोमीटर वेगात असताना एक सेकंद भान येण्यात गेला तर गाडी १७ मीटर पुढे जाते, आणि चांगल्या ब्रेकनेही थांबावयास आणखी २० मीटर लागतात. वेग ८० असेल तर हेच आकडे २२ आणि ३५ होतात. एकूण ३७ मीटरांच्या जागी ५७ मीटर. वेग एक तृतीयांशाने वाढला, थांबण्याचे अंतर दीडपटीहून अधिक झाले. चोर्ल्याच्या घाटात पावसाळ्यात वळणापलीकडे ट्रक उभा असला तर हे वीस मीटर नळीकडून मिळत नाहीत. ते टायर, ब्रेक आणि शहाणपणा यांच्याकडूनच मिळवावे लागतात.

तिसरी पायरी चालविण्याच्या शिक्षणाची. योग्य गिअर, योग्य वेळी उघडलेला थ्रॉटल आणि वळणाआधी आवरलेला वेग यांनी गाडी जितकी चपळ होते तितकी ती शेकडा पाच शक्तीने होत नाही. इतके सर्व झाल्यावरही एक्झॉस्ट बदलावयाचाच असेल, तर विक्रेत्यास काही प्रश्न विचारावे. ही नळी याच गाडीसाठी व याच वर्षीच्या आवृत्तीसाठी केली आहे काय? हिच्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सरची जागा आहे काय? मोजलेला आवाज कायद्याच्या मर्यादेत आहे काय, आणि तो ‘डीबी किलर’ नावाची आवाज आवरणारी पुंगळी बसविलेली असता मोजला की काढून? डायनॅमोमीटरवर काढलेले बदलापूर्वीचे व नंतरचे असे दोन्ही आलेख दाखविता काय? आलेख पाहताना केवळ शिखर पाहू नये. शिखराशी एक अश्वशक्ती वाढली आणि मधल्या गतीला दोन हरवल्या, तर रोजच्या रस्त्यावर गाडी तोट्यात गेली. या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली नाहीत तर पैसे खिशात ठेवून परतावे. बदल केलाच तर विमा कंपनीला व वाहन नोंदणी कार्यालयाला विचारूनच करावा, आणि मूळचा सायलेन्सर भंगारात न देता घरी जपून ठेवावा. ज्याला शर्यतीचीच ओढ आहे त्याने ती चेन्नईजवळच्या किंवा कोइमतूरच्या शर्यतपट्टीवर, जाणत्यांच्या देखरेखीखाली भागवावी. तिथे कॅमही बदलता येतो, पिस्टनही; समोरून शाळकरी मुलांची सायकल येत नाही.

तात्पर्य, एक्झॉस्ट ही ताकदीची खूण नसून इंजिनाच्या श्वासोच्छ्वासाचा एक भाग आहे. तो इतर भागांशी जुळलेला असला तरच उपयोगी पडतो. ज्याला यंत्र समजते त्याला ते गरजताना ऐकण्याची गरज उरत नाही. ते सुरळीत चालले आहे हे त्याला हलक्या, सारख्या आवाजावरूनही कळते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या खरोखरच अभियंता होऊन असे इंजिन घडवील, जे कमी पेट्रोलवर, कमी धुरात आणि कमी आवाजात आजच्यापेक्षा जास्त काम करील. त्याची पूर्वतयारी आजपासून करता येते. वृत्तचितीचे घनफळ, घनमूळ आणि ध्वनीचा वेग हे धडे पुस्तकात आहेतच. ते कंटाळवाणे वाटू लागले की दारात उभ्या असलेल्या मोटारसायकलकडे एकदा नीट पाहावे.